‘आमच्यातलेच’मधला च

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्यासाठी बरी कारणं शोधत बसणार नाही. दार वाजलं की मला भीती वाटते, अनोळखी नंबर दिसला की भीती वाटते, आणि कोणी "जरा बोलायचं होतं" म्हणालं, तर काय बोलायचं आहे ते ऐकण्याआधीच मी माफी मागून मोकळी होते. अशा बाईनं स्वतःची जाहिरात करायला निघू नये. मी निघाले, कारण नोकरी गेली होती.

नोकरी हडपसरच्या एका आयटी कंपनीत होती. ॲप उघडल्यावर कुठलं बटण कुठे दिसावं, रंग कोणता असावा, अक्षर केवढं असावं, हे मी ठरवायचे. एका सोमवारी आमच्या रांगेतल्या सहा जणांना खोलीत बोलावून कंपनी आता वाढीच्या नव्या टप्प्यात कशी चालली आहे, ते समजावून सांगण्यात आलं. त्या टप्प्यात आम्ही सहा जण नव्हतो. गळ्यातलं कार्ड काढून देताना मला वाईट वाटायच्या आधी भीतीच वाटली. वर्ध्याहून पुण्याला आल्यापासून मी त्या कार्डाच्या जिवावर वावरत होते. बँकेत, घरमालकासमोर, लग्नाच्या स्थळांसमोर आधी ते कार्ड बोलायचं आणि मग मी.

घरी सांगितलं नाही. आईला म्हटलं, स्वतःचं काम सुरू केलंय. आई म्हणाली, "मंग तुह्या हाताखाली किती जण हायेत वं?" मी म्हटलं, आहेत दोन-तीन. हे पहिलं खोटं. ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

पुढचं खोटं मात्र रीतसर शिकून बोलले. कॉलेजमधली माझी एक मैत्रीण तेव्हा लोकांना स्वतःचा ‘ब्रँड’ कसा करायचा ते शिकवत होती. तिला कशाचीच भीती वाटत नसे, आणि अशा माणसांचं मी फार पटकन ऐकते. माझं पेज बघून ती म्हणाली, "अगं, हे काय ‘मी करते, मी बनवते’? सोलो आहेस हे सांगूच नकोस. सोलो म्हणजे लोकांच्या लेखी बेरोजगार. स्टुडिओ म्हण. ‘आम्ही’ म्हण."

मग आम्ही ‘आम्ही’ झालो. पेजवरची प्रत्येक ‘मी’ शोधून मी खोडली. आम्ही विचार करतो, आम्ही ऐकून घेतो, आम्हाला मराठी अक्षरांचं वेड आहे. खराडीला एका काचेच्या इमारतीत टेबलं भाड्यानं देणारं ऑफिस होतं, तिथला एका दिवसाचा पास काढून आम्ही दोघींनी फोटो काढले. मागे आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलेली अनोळखी माणसं जराशी धूसर करून घेतली. ती माझी टीम. पेजवरचा पत्ताही त्याच इमारतीचा टाकला, पाचवा मजला. मी राहत होते हडपसरला, गल्लीच्या टोकाला, खाली पिठाची गिरणी असलेल्या इमारतीत. फोनवर बोलताना गिरणीचा आवाज जाऊ नये म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन बोलायचे.

आणि काम यायला लागलं, हे सांगितलं पाहिजे. वाघोलीच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक आलं, एका मसालेवाल्यांची पाकिटं आली. कुणी फारच दुरुस्त्या सांगायला लागलं की ‘आमच्या टीममधून’ एक मेल जायचा. तो मीच लिहायचे, पण एका पुरुषाचं नाव खाली घालून आणि जरा कडक भाषेत. तो माणूस माझ्यापेक्षा खूप धीट होता. लोक त्याचं ऐकायचे. मला मात्र रोज वाटायचं की आज कोणीतरी म्हणणार, "त्यांना जरा फोन द्या."

पेजवर कोणी काही लिहिलं, की आपोआप एक उत्तर जावं अशी सोय होती. मैत्रीण म्हणाली, "कोरडं नको लिहूस. वॉर्म पाहिजे. समोरच्याला आपलेपणा वाटला पाहिजे." मी लिहिलं, "नमस्कार! आपण लिहिलंत, आनंद झाला. आपण आता आमच्यातले. लवकरच भेटू." तिनं वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "अजून थोडं." मग मी ‘आमच्यातले’च्या पुढे च लावला. आपण आता आमच्यातलेच. ती म्हणाली, "आता बघ कसं वाटतंय!" खरंच बरं वाटत होतं. एका अक्षराचं काम होतं, मी ते करून विसरून गेले.

मग तिनंच सांगितलं की आता माणसं हवी आहेत अशी पोस्ट टाक. मी म्हटलं, मला कुठे माणसं हवी आहेत? ती हसली. "माणसं घ्यायची नसतात गं. सगळे टाकतात. भरती चालू आहे म्हटलं की क्लायंटला वाटतं, यांचं जोरात चाललंय." मी तीन दिवस टाळलं आणि चौथ्या दिवशी टाकलं. "आम्ही वाढतो आहोत! मराठी अक्षरांवर जीव असणारी माणसं हवी आहेत. वयाची अट नाही. लिहा, आम्ही नक्की उत्तर पाठवु." वयाची अट नाही, हे वाक्य का घातलं ते मला आजही सांगता येत नाही. कानाला छान वाटलं, एवढंच.

पोस्ट पसरली. अर्ज यायला लागले. पहिले चार-पाच मी वाचले. कोणी लिहिलं होतं की घरी आजारपण आहे, कोणी लिहिलं होतं की सहा महिने झाले बसून आहे. मी पेजवरच्या मेसेजची खिडकी बंद केली ती जवळजवळ महिनाभर उघडलीच नाही. वाटलं, लोक वाट बघतील, कंटाळतील, विसरतील. आपल्याला उत्तर आलं नाही तर आपण काय करतो? विसरतोच ना. पण त्यांना उत्तर जात होतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी, एका गिऱ्हाईकाचा मेसेज शोधायला म्हणून मी ती खिडकी उघडली. सगळ्यात वर एका गृहस्थांचं संभाषण होतं. संभाषण म्हणायचं, कारण दोन्ही बाजूंनी मजकूर होता.

पहिला मेसेज असा होता: "माननीय महोदय, सविनय नमस्कार. आपली जाहिरात वाचली. मी गेली एकतीस वर्षे पुण्यातील एका मुद्रणालयात मराठी अक्षरजुळणी व मुद्रितशोधनाचे काम करीत आहे. आधी शिशाचे खिळे जुळविले, पुढे संगणक शिकलो. अक्षरांवर जीव आहे असे म्हणण्यास हरकत नाही. जाता जाता, जाहिरातीत ‘पाठवु’ असे पडले आहे, तेथे वू दीर्घ हवा. राग नसावा." खाली नाव आणि फोन नंबर.

त्याखाली आमचं उत्तर. आपण लिहिलंत, आनंद झाला. आपण आता आमच्यातलेच. लवकरच भेटू.

आठवडाभरानं त्यांनी लिहिलं होतं: "महोदय, उत्तराबद्दल आभारी आहे. इतक्या त्वरेने निर्णय होईल अशी अपेक्षा नव्हती. माझे वय त्रेपन्न आहे, हे आधी सांगावयास हवे होते. त्याने अडचण नाही ना?"

आपण लिहिलंत, आनंद झाला. आपण आता आमच्यातलेच. लवकरच भेटू.

पुढे वाचू नये असं वाटत होतं आणि डोळे खाली सरकत होते. "येत्या एक तारखेपासून रुजू व्हावे, असा विचार आहे. आपणांस सोयीचे आहे ना?" आपण आता आमच्यातलेच. "आज मालकांना सांगितले. एकतीस वर्षांचे ऋणानुबंध, सांगताना जड गेले. परंतु आपला आपलेपणा पाहून धीर आला. एक तारखेस हजर होतो. पत्ता पेजवर पाहिला आहे." लवकरच भेटू.

एक तारीख म्हणजे उद्या.

मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा वाचलं. कुठेतरी काहीतरी असेल, ज्यावरून त्यांना कळायला हवं होतं की हे माणसाचं उत्तर नाही, असं शोधत राहिले. तसं काही नव्हतं. मी एवढं नीट लिहिलं होतं की प्रत्येक प्रश्नाला ते लागू पडत होतं. खाली गिरणी सुरू झाली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत दचकले.

खरं सांगायचं, तर मला आधी त्यांची काळजी वाटली नाही. आधी भीती वाटली ती माझी. हे सगळं संभाषण त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते जसंच्या तसं कुठे टाकलं असतं, तर दुपारपर्यंत अख्ख्या पुण्यानं वाचलं असतं, आणि पुणेकर अशा वेळी शिवी देत नाहीत, दोन ओळी लिहितात. त्या दोन ओळींना मी शिव्यांपेक्षा जास्त घाबरते. कॉलेजवाल्यांनी वाचलं असतं, मसालेवाल्यांनी वाचलं असतं, वर्ध्याला कोणीतरी आईला वाचून दाखवलं असतं.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "ब्लॉक कर. अगं, रोज हजार लोक अप्लाय करतात. ऑटो-रिप्लायवर नोकरी सोडणारा माणूस, हा त्याचा प्रॉब्लेम आहे." मी म्हटलं, "त्यांना ऑटो-रिप्लाय म्हणजे काय ते माहीत नाही." ती म्हणाली, "मग डिझाइन स्टुडिओत कशाला येतायत?" तिला दुसरा फोन आला आणि तिनं माझा ठेवला.

शेवटी दुपारी मी त्यांचा नंबर लावला. सांगायचं वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. "आमची काहीतरी चूक झाली आहे, कृपया नोकरी सोडू नका." फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

"मी स्टुडिओतून बोलतेय," मी म्हटलं. सवयीनं तेच तोंडात आलं.

"अय्या, ऑफिसातून?" त्या एकदम हरखल्या. "थांबा हं. नाही, थांबून उपयोग नाही, ते बाहेर गेलेत. बूट घ्यायला. मीच पाठवलं. म्हटलं, प्रेसमध्ये जन्मभर चपला चालल्या, काचेच्या ऑफिसात नाही चालायच्या. काही निरोप द्यायचाय का?"

कागद माझ्या हातात होता. वाक्य समोर होतं. नुसतं वाचायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "उद्या दहा वाजता. तेवढंच सांगायचं होतं."

"सांगते, सांगते. फार चांगली माणसं आहात हो तुम्ही सगळी."

फोन ठेवल्यावर मी तो कागद फाडून टाकला. मशीननं जे चार वेळा केलं होतं, ते पाचव्यांदा मी स्वतःच्या तोंडानं केलं होतं. भित्र्या माणसाला लोक गरीब समजतात. तसं काही नसतं. भित्रा माणूस स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी दुसऱ्याचं काय वाटेल ते करतो, हे मी त्या दुपारी स्वतःच्याच घरात बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मुंढव्यावरून खराडीला गेले. साडेनऊलाच पोचले. त्यांना गेटवर गाठायचं, बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, एवढं ठरवून आले होते. इमारतीसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथे जाऊन उभी राहिले. गळ्यात कार्डं घातलेली मुलंमुली चहा घेऊन आत जात होती. त्यांच्यातल्या कोणी मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, तरी मी ओढणी डोक्यावरून घेतली होती.

पावणेदहाला ते आले. त्यांच्या मेसेजशेजारी त्यांचा छोटा फोटो होता, त्यावरून ओळखले. बारीक, उंच, इन केलेला पांढरा शर्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, दुसऱ्या हातात डबा. नवे बूट चावत असावेत, कारण पाऊल जरा बेतानं टाकत होते. ते गार्डपाशी गेले, काहीतरी बोलले. गार्डनं वहीत बघितलं, मान हलवली. त्यांनी फोन काढून दाखवला. गार्डनं कुठेतरी फोन लावला, पुन्हा मान हलवली. गार्ड मोठ्यानं बोलायला लागला तेव्हा रस्त्यापलीकडेही ऐकू आलं. "चाचा, ऐसा कोई ऑफिस नहीं है इधर. पाचवे माले पे पूछ लिया मैंने."

जा, मी स्वतःला म्हणाले. पाय हलले नाहीत. मला वाटत होतं, ते आता चिडतील, गार्ड चिडेल, माणसं जमतील आणि कोणीतरी फोन वर धरून चित्रण करायला लागेल. हातातला चहा निवून गेला होता. तो घोटभर प्यायले आणि तिथेच उभी राहिले. दहा वाजून गेले.

ते चिडले नाहीत. गेटच्या एका बाजूला झाले, डबा भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि फोनवर एका बोटानं हळूहळू काहीतरी लिहायला लागले. माझा फोन हातातच थरथरला. "माननीय महोदय, खाली उभा आहे. द्वारपाल ओळखत नाहीत. कृपया कोणास तरी पाठवावे."

मी ते वाचत असतानाच त्याखाली उत्तर उमटलं. आपण लिहिलंत, आनंद झाला. आपण आता आमच्यातलेच. लवकरच भेटू. ते बंद करायचं राहून गेलं होतं. आदल्या दिवशी मी रडले, घाबरले, कागद फाडले, आणि ती एक गोष्ट बंद करायची माझ्या लक्षात आली नाही.

पलीकडे त्यांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा उजळलेला मला रस्त्याच्या या बाजूनं दिसला. ते लगबगीनं गार्डकडे गेले आणि फोन त्याच्यासमोर धरला. हे बघा, उत्तर आलं, येतायत. गार्डला मराठी वाचता येत नसावं. त्यानं खांदे उडवले आणि त्यांना हातानं मागे सरकायची खूण केली. ते मागे सरकले आणि इमारतीच्या काचेच्या दाराकडे बघत उभे राहिले.

तेव्हा मी रस्ता ओलांडला. मनात धीर असा काही आला नव्हता. त्या दाराकडे ते ज्या तऱ्हेनं बघत होते, ते मला आणखी बघवेना.

"काका," मी म्हटलं, "ते पेज माझं आहे."

त्यांनी चष्मा सारखा केला. "नमस्कार. महोदयांनी पाठवलं का आपल्याला?"

"महोदय कोणी नाहीत. मीच आहे. स्टुडिओ नाही, ऑफिस नाही. मी घरून काम करते, एकटी. तुम्हाला जी उत्तरं आली ती माणसानं लिहिलेली नव्हती. ती आपोआप जातात. सगळ्यांना तीच जातात." मी एका श्वासात बोलले आणि मग नुसतं "माझं चुकलं, माझं चुकलं" म्हणत राहिले.

मी त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत होते. आता ते कोणाला तरी फोन लावतील, असं वाटत होतं.

"आपोआप," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे त्रेपन्न वय चालेल, हेही आपोआप?"

"हो."

"‘आम्ही’ हे मग आदरार्थी होतं म्हणायचं." हे ते अगदी शांतपणे म्हणाले. पुण्याच्या पेठेत तीन पिढ्या काढलेल्या माणसाचा टोला होता तो, बसायचा तिथे बरोबर बसला. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर तपासला, मॅडम. छापलेलं सगळं खरं असतं असं मानणारा मी माणूस नाही. पण तो च होता ना. नुसतं ‘आमच्यातले’ असतं तर मी दोनदा विचार केला असता. च कोणी उगाच लावत नाही, असा माझा समज."

मी म्हटलं, "आपण आत्ताच्या आत्ता प्रेसवर जाऊ. मी मालकांना सगळं सांगते. चूक माझी आहे, ते तुम्हाला परत घेतील."

"कसे घेतील?" ते म्हणाले. "निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. मालक भाषणात रडले. तेही बहुधा आपोआपच, कारण मराठीचा विभाग त्यांना बंदच करायचा होता, मी आपण होऊन सुटलो तर सोयीचं झालं. आता ती शाल घेऊन परत कुठल्या तोंडानं जायचं?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मला वाटलं, बसचा थांबा शोधतायत.

"इथे डबा खायला बसता येईल अशी जागा कुठे आहे?"

"घरी नाही जाणार?"

"सहाच्या आत कसा जाऊ?" ते म्हणाले. मी विचित्र काही विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी सकाळी गल्लीतली माणसं भेटायला आली होती. मुलीनं डब्यात शिरा दिलाय, ऑफिसातल्या सगळ्यांना पुरेल एवढा." आणि मग, पहिल्यांदाच, त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. ती मी लगेच ओळखली, रोजच्या पाहण्यातली होती. माझ्याकडून गेली होती त्यांच्याकडे.

मी त्यांना माझ्या घरी चला म्हटलं, ते नको म्हणाले. एकट्या बाईच्या घरी जाऊन बसणं त्यांना प्रशस्त वाटत नव्हतं. मी थांबते म्हटलं, तेही नको म्हणाले. "आपण जा. मला जरा विचार करू द्या." मी निघाले. बसमधून पाहिलं, तर ते थांब्याच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन ताठ बसले होते, मुलाखतीला बोलावणं यायचं असावं तसे.

घरी येऊन मी आधी ते आपोआप जाणारं उत्तर बंद केलं. मग दिवसभर दाराला आतून कडी लावून बसले. विचार करू द्या, म्हणजे कसला विचार? ते लिहिणार, हे मला पक्कं माहीत होतं. शुद्ध भाषेत, एकही चूक न करता, सगळं लिहिणार आणि त्यांनी तसं लिहावंच, हेही मला पटत होतं. तरी प्रत्येक आवाजाला फोन उचलून बघत होते. पाचच्या सुमारास ठरवलं की पेजच काढून टाकायचं. पेज नसेल तर कुठे लिहिणार? काढायला किती सोपं असतं ते, तीन वेळा ‘नक्की का’ म्हणून विचारतात आणि संपलं. दोनदा मी हो म्हटलं होतं. तेवढ्यात वर सूचना आली. त्यांनी भरतीच्या पोस्टखाली काहीतरी लिहिलं होतं.

उघडायला मला पाच मिनिटं लागली.

"आज रुजू झालो. कार्यालय प्रशस्त व हवेशीर आहे. सर्व मंडळी आपुलकीने वागली. शिरा सर्वांना आवडला."

मी पुन्हा वाचलं. खाली एकेक नाव यायला लागलं होतं. कोणी मुबारक म्हटलं होतं, कोणी अभिनंदन, प्रेसमधल्या कोणीतरी लिहिलं होतं की आमचा हिरा नेलात, जपा. तिसरं ‘नक्की का’ पडद्यावर तसंच थांबलं होतं. मी ‘नाही’ दाबलं. त्यांच्या मुलीनं लिहिलेलं त्याच्यानंतर दिसलं: "अब्बा, टीमसोबतचा फोटो टाकायला सांगा ना त्यांना. अम्मी वाट बघतेय."

साडेसहाला मी त्यांना फोन लावला. ते घरी पोचले होते. मागे बरीच माणसं बोलत होती, कपबशा वाजत होत्या, कोणीतरी हसत होतं.

"काका," मी म्हटलं, "उद्या तुम्ही कुठे जाणार?"

मागून बायकोनं विचारलेलं मला ऐकू आलं, कोणाचा फोन आहे म्हणून.

"ऑफिसातून आहे," त्यांनी तिला सांगितलं. आणि मग मला, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "हो मॅडम. उद्या वेळेवर पोचतो."